घाटरस्ते आणि पावसाळा : कोकणच्या वाटांच्या डागडुजीचा इतिहास



रस्ता म्हटला की आपल्याला तो बांधणाऱ्याचे नाव आठवते. कोणी बांधला, कोणत्या साली बांधला, उद्‌घाटन कोणी केले, हे कोनशिलेवर कोरलेले असते. पण त्याच रस्त्यावर पुढे पन्नास वर्षे दर पावसाळ्याआधी गटारे कोणी उपसली, दरड कोसळल्यावर रात्री भिजत दगड कोणी बाजूला केले, हे कोणत्याच शिळेवर लिहिलेले नसते. आज मी आपल्याशी या दुसऱ्या इतिहासाविषयी बोलणार आहे. त्यासाठी प्रदेश घेतला आहे कोकणचा आणि त्याला देशाशी जोडणाऱ्या सह्याद्रीच्या घाटांचा. कारण पाऊस, वादळ आणि रस्ता यांचे भांडण इथल्याइतके जुने क्वचितच कुठे असेल.

आधी हा प्रदेश कसा आहे ते नीट डोळ्यांसमोर आणू या. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, आणि मध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. या पट्टीत वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. घाटमाथ्यावर तर याच्या दुप्पट. डोंगरावरून नद्या उतरतात त्या लांबीने लहान, पण उताराच्या. सावित्री, वाशिष्ठी, जगबुडी ही त्यांची नावे. जगबुडी हे नावच बघा ना, ते ठेवणाऱ्याने काय पाहिले असेल याचा अंदाज येतो. या नद्यांना पूर यायला दिवस लागत नाही, काही तास पुरतात. त्यातच भरतीची वेळ असली की समुद्र पाणी आत घेत नाही, आणि महाड, चिपळूण, खेड, राजापूर यांसारख्या गावांच्या बाजारपेठा पाण्याखाली जातात.

घाटांची नावे उत्तरेकडून घेऊ लागलो तर थळ, माळशेज, बोर, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली अशी माळ तयार होते. यातला प्रत्येक घाट म्हणजे मूळची एखादी पायवाट किंवा बैलवाट. नाणेघाट तर दोन हजार वर्षांहून जुना. सातवाहनांच्या काळात कातळ फोडून तिथे वाट केली, आणि माथ्यावरच्या लेण्यात नागनिकेचा लेख कोरला. तिथे दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून लोक तो आजही दाखवतात. या वाटांनी कोकणातून मीठ वर जायचे आणि देशावरून धान्य खाली यायचे. वाहतूक बैलांच्या पाठीवर. वंजाऱ्यांचे तांडे उन्हाळ्यात चालत आणि पावसाळ्यात थांबत. पावसाने वाट मोडली तर ती बैलापुरती पुन्हा चालू करायला चार माणसे आणि दोन दिवस पुरत. महाबळेश्वराहून पारकडे उतरणाऱ्या एका जुन्या घाटाचे नाव आहे रडतोंडी. चढणाऱ्याचे तोंड कसे होत असेल हे त्या नावातच आले! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती वाट कठीण होती, तरी तिच्यासाठी डोंगर फारसा कापलेला नव्हता. त्यामुळे डोंगरही फारसा खाली येत नसे.

चाक आले आणि सगळा हिशेब बदलला. तोफेच्या गाड्याला किंवा बैलगाडीला पायरी चालत नाही. तिला रुंदी लागते, सौम्य चढ लागतो. बोरघाटात १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनापतीने, तोफा नेण्यासाठी वाट सुधारून घेतली. मग १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला, आणि मुंबई-पुणे वाहतुकीचे चित्रच पालटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेका घाटाला गाडीरस्ता झाला. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाला त्या वेळी फिट्झजेराल्ड घाट म्हणत. रडतोंडीची जागा या वळणावळणाच्या रस्त्याने घेतली.

आता गाडीरस्ता डोंगराच्या कुशीतून काढायचा म्हणजे काय करायचे? वरच्या बाजूने डोंगर कापायचा, कापलेली माती-दगड खालच्या बाजूला भराव म्हणून टाकायचे, आणि तो भराव सरकू नये म्हणून दगडी भिंत बांधायची. म्हणजे रस्त्याचा निम्मा भाग पक्क्या डोंगरावर आणि निम्मा माणसाने टाकलेल्या भरावावर. वर कापलेली कड उघडी पडली. सह्याद्रीचा काळा कातळ घट्ट आहे, पण त्यावर मुरमाचा, लाल मातीचा आणि काही ठिकाणी जांभ्याचा थर असतो. पाऊस या थरात मुरतो आणि खालच्या कातळापाशी येऊन थबकतो. पाणी साठले की माती जड होते, तिची पकड सुटते, आणि कातळावरून सगळा थर घसरतो. यालाच आपण दरड कोसळणे म्हणतो. खालच्या भरावाचेही तसेच. पाणी भिंतीच्या मागे तुंबले की भिंत पुढे झुकते आणि एके दिवशी निम्मा रस्ता घेऊन दरीत जाते.

म्हणून जुने जाणते ओव्हरसियर सांगत की घाटातला रस्ता हा खडीने टिकत नाही, गटाराने टिकतो. डोंगराच्या बाजूचे गटार मोकळे, गटाराचे पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारी मोरी मोकळी, आणि भिंतीत पाणी झिरपून जाण्यासाठी ठेवलेली भोके मोकळी. या तीन गोष्टी सांभाळल्या तर रस्ता पुष्कळ पाऊस सोसतो. यातली एक चुकली की कितीही उत्तम डांबर असो, ते पाण्याबरोबर जाते.

हे सांभाळायला माणसे लागत. १८५४ साली लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले, आणि हळूहळू रस्त्यांच्या देखभालीची एक रीत बसली. रस्त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर नेमलेला माणूस ठेवायचा. त्याला आपल्याकडे मैलकुली म्हणतात. हाती फावडे, घमेले, कुदळ, कोयता. आगोटीच्या आधी गटारे उपसायची, मोरीतला पालापाचोळा काढायचा, साइडपट्टीवर मुरूम टाकायचा, रस्त्यावर वाकलेल्या फांद्या तोडायच्या. पावसाळ्यात रोज आपल्या तुकड्यावर फेरी मारायची आणि कुठे माती सरकलेली, कुठे भिंतीला चीर पडलेली दिसली की मुकादमाला सांगायचे. हा मनुष्य शिकलेला नसे, पण आपल्या तुकड्यावर पाणी कुठून येते, कुठे जाते हे त्याला पाठ असे. पुढच्या काळात ठेकेदारी आली, यंत्रे आली, मैलकुलींची भरती कमी होत गेली. यंत्राने दरड लवकर उचलता येते, यात शंका नाही. पण दरड येण्याआधीची चीर यंत्राला दिसत नाही, ती रोज चालणाऱ्या माणसालाच दिसते.

माणसांना पगार हवा, म्हणजे पैसा हवा. याही गोष्टीचा एक इतिहास आहे आणि त्यात आपल्या एका माणसाचे नाव येते. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, आणि बैलगाडीसाठी केलेले रस्ते मोटारींखाली उखडू लागले. तेव्हा १९२७ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीने १९२८ साली अहवाल दिला. तिचे म्हणणे साधे होते. रस्त्यांचा प्रश्न आता एकट्या जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या ताकदीचा राहिलेला नाही, तो देशाचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी मोटारीच्या इंधनावर जादा कर बसवून वेगळा निधी ठेवावा. त्याप्रमाणे १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ साली देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी ठरवली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते. सुपीक शेतीच्या प्रदेशातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे त्या नागपूर योजनेने म्हटले. आज आपल्या गावाबाहेरच्या पाटीवर राज्यमार्ग, जिल्हा मार्ग असे जे शब्द दिसतात, त्यांचे मूळ त्या बैठकीत आहे.

आता ज्या वर्षी जयकर समितीचा अहवाल आला, त्याच १९२८ साली महाडजवळ सावित्री नदीवर एक दगडी कमानीचा पूल उभा राहिला. मुंबई-गोवा मार्गावरचा हा पूल. पुढे शेजारी दुसरा नवा पूल झाला, तरी जुन्या पुलावरून एका दिशेची वाहतूक चालूच राहिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला मोठा पूर होता. पावसात आणि काळोखात हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा पूल कोसळला. मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या आणि आणखी काही वाहने पुरात गेली. जवळच राहणाऱ्या एका माणसाच्या ते लक्षात आले, आणि त्याने धावत जाऊन मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, म्हणून आणखी जीव वाचले. बुडालेल्या गाड्या शोधायला नौदलाच्या पाणबुड्यांना कित्येक दिवस लागले. काही जणांचे देह मैलोगणती दूर, खाडीच्या मुखाशी मिळाले.

या दुर्घटनेतून जे शिकायचे ते नीट शिकले पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती, असे शासनातर्फे तेव्हा सांगण्यात आले. मे महिन्यात नदीत पाणी कमी असते आणि पूल वरून ठीक दिसतो. पण पुलाचा प्राण असतो तो त्याच्या खांबांच्या पायाशी. पुराचे वेगवान पाणी खांबाभोवती भोवरा करते आणि पायाखालची माती-वाळू खरवडून नेते. पूर ओसरला की गाळ पुन्हा त्या खड्ड्यात बसतो, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच झाले नाही असे वाटते. म्हणून जुन्या पुलाची तपासणी वरून डोळ्यांनी करून भागत नाही, पाण्याखाली उतरून पायापर्यंत जावे लागते. सावित्रीनंतर राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. तो जुन्यापेक्षा रुंद आहे. मनावर घेतले तर काम किती वेगाने होते याचा हा दाखला आहे. पण त्याची किंमत आधी माणसांनी चुकती केली, हेही विसरू नये.

पूर आणि दरडी या कोकणाच्या ओळखीच्या गोष्टी. चक्रीवादळाचा तडाखा मात्र या किनाऱ्याला त्या मानाने कमी वेळा बसत असे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर थडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले-पत्रे उडाले. आणि रस्ते? रस्ते खचले नव्हते, पण झाडे आणि विजेचे खांब पडून बंद झाले होते. अशा वेळी मोठ्या यंत्रापेक्षा कोयता, करवत आणि गावची माणसे आधी कामाला येतात. बऱ्याच गावांनी शासकीय पथक येण्याची वाट न पाहता आपल्या हद्दीतली झाडे तोडून वाट मोकळी केली. वर्ष होते न होते तोच, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ सिंधुदुर्गापासून वरपर्यंत किनाऱ्याला घासत गेले.

आणि मग आला जुलै २०२१. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळू लागला. २२ जुलैला धरून चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मराठवाड्यातल्या काही तालुक्यांत सबंध वर्षात जेवढा पडतो, जवळजवळ तेवढा पाऊस एका दिवसात! चिपळूण आणि महाड बुडाले. वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा काही भाग खचला आणि मुंबई-गोवा महामार्ग तिथे तुटला. आंबेनळी आणि वरंधा घाटांत ठिकठिकाणी दरडी आल्या, काही जागी रस्त्याचा सबंध पट्टाच दरीत गेला. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. मदतीची पथके निघाली, पण वाटेत पुराचे पाणी आणि दरडी. ती पोचेपर्यंत आजूबाजूचे गावकरीच हातांनी माती उपसत होते. रस्ता तुटणे म्हणजे काय असते, हे यावरून कळते. एरवी तुटलेला रस्ता म्हणजे गैरसोय. अशा रात्री मात्र तो जगणे-मरणे ठरवतो.

त्यानंतर रस्ते पुन्हा कसे उभे केले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. पहिले काम, एक गाडी जाईल एवढी वाट मोकळी करणे. दरड उपसायची ती वरच्या टोकाकडे लक्ष ठेवून, कारण खालचा ढीग काढला की वरचा आधार जातो आणि पुन्हा माती येते. वाशिष्ठीच्या पुलाशी दगडांचा भराव घालून थोड्याच दिवसांत वाहतूक सुरू केली, ती याच तात्पुरत्या पद्धतीने. दुसरे काम पाण्याची वाट शोधणे. जिथे रस्ता वाहून गेला, तिथे बहुधा पाण्याची जुनी वाट असते, जी कोणीतरी बुजवलेली असते. तिथे मोरी पूर्वीपेक्षा मोठी करावी लागते. पूर्वी होती तेवढीच पुन्हा बांधणे म्हणजे पुढच्या पावसाला आमंत्रण देणे. तिसरे काम भिंतीचे. पक्की काँक्रीटची भिंत काही जागी लागतेच. पण पुष्कळ जागी तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यातून पाणी निघून जाते आणि जमीन थोडी हलली तर ती तुटत नाही, नुसती बसते. चौथे काम कापलेल्या कडेचे. कड पायऱ्या पाडून मागे घ्यायची, माथ्यावर चर खणून पाणी बाजूला न्यायचे, उताराला जाळी मारायची, गवत-झुडूप धरू द्यायचे. आणि डांबर किंवा काँक्रीट, ते सर्वांत शेवटी.

याच गोष्टी महामार्ग रुंद करतानाही लागू पडतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चिपळूणजवळच्या परशुराम घाटात डोंगर खोल कापावा लागला. पावसाळ्यात तिथे दरडी येऊ लागल्या, वर-खाली वस्ती असल्याने लोकांचे जीव धास्तावले, आणि वाहतूक वारंवार थांबवावी लागली. कशेडी घाटात याच्या उलट मार्ग पत्करला. तिथे डोंगरातून बोगदा काढला. बोगदा महाग असतो, पण तो डोंगराची कातडी सोलत नाही. एका रस्त्यावरच्या या दोन घाटांची तुलना शाळेच्या भूगोलाच्या तासाला जरूर करावी.

आणखी एक गोष्ट. नवा रस्ता बांधायला पैसे मिळतात आणि जुन्याच्या देखभालीला हात आखडतो, ही खोड जुनी आहे. उद्‌घाटन नव्याचे होते, गटार उपसल्याचे कुठे होते? हे ओळखून २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एक चांगली अट घातली गेली. ज्या ठेकेदाराने रस्ता बांधला, त्यानेच पुढे पाच वर्षे त्याची देखभाल करायची. आपल्या गावच्या रस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो, त्यावर हे लिहिलेले असते. कितीजण तो वाचतात? ज्या गावाने तो वाचला, त्या गावाला पाचव्या वर्षापर्यंत कोणाला जाब विचारायचा हे ठाऊक असते.

मग आपण काय करावे? रस्ता सरकारचा आहे, खरे, आणि तो नीट ठेवण्याची जबाबदारी सरकारचीच आहे. मोठी दरड, मोठा पूल हे गावाचे काम नव्हे. पण पुष्कळ नुकसान आपल्याही हातून होते. शेताच्या वाटेसाठी आपण गटारावर दगड-माती टाकतो आणि खाली नळा घालायला विसरतो. मोरीच्या तोंडाशी केरकचरा लोटतो. रस्त्याकडेच्या उतारावरची झाडे तोडतो. एका शेतकऱ्याने गटार बुजवले तर पाणी पुढच्या वळणावर रस्ता ओलांडते आणि तिथली भिंत जाते. ज्याने बुजवले त्याचे काही जात नाही, पण वरच्या वाडीची दूधगाडी थांबते, शाळेची मुले थांबतात, आणि अडलेली बाळंतीण डोलीतून खाली आणावी लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. मृग लागण्याआधी एक दिवस वरच्या वर्गातील मुलांना घेऊन गावच्या रस्त्याने मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जा. वाटेत मोऱ्या किती, त्यातल्या मोकळ्या किती, बुजलेल्या किती, हे मुलांना वहीत लिहायला सांगा. कोणत्या भिंतीला चीर आहे, कोणत्या उतारावरचे झाड तिरके झाले आहे, कुठे एरवी नसलेला झरा वाहू लागला आहे, हेही टिपून घ्या. यातल्या शेवटच्या तीन खुणा म्हणजे डोंगर सरकू लागल्याच्या खुणा होत. ती यादी ग्रामपंचायतीत द्या, आणि तिची एक प्रत बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात पोचवा. पुढच्या वर्षी त्याच वहीत पुन्हा लिहा. दहा वर्षांत ती वही तुमच्या गावच्या रस्त्याचा इतिहास होईल, आणि तो कोनशिलेवरच्या इतिहासाहून गावाच्या अधिक उपयोगी पडेल.